आभाळातली वहिवाट

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे, आणि तो कोणाच्याही फारसा कामाचा नाही.

शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा जिथून जातो तो सगळ्यात जवळचा रस्ता. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर ती बगदादवरून, तुर्कस्तानातून, सर्बियातून जाते आणि सरळ दिसते. पण तसं गेलं तर दोनेकशे किलोमीटर जास्त पडतात. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना उत्तरेकडचे देश ताणले जातात आणि तिकडून जाणारी जवळची वाट वाकडी दिसू लागते. भूगोलाच्या बाईंनी हे सांगितलेलं असतं. आपण ते परीक्षेपुरतं ऐकलेलं असतं.

दोऱ्याकडे मात्र नीट बघावं. मुंबई सोडल्यावर तो सौराष्ट्रावरून, जामनगरच्या जवळून निघतो, कच्छचं पश्चिम टोक ओलांडतो आणि जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो. पुढे बलुचिस्तान. मग पूर्व इराणचं वाळवंट, कास्पियन समुद्राचा नैऋत्येकडचा कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळ्या समुद्राकाठचं सोची, क्रिमियाचं पूर्वेकडचं टोक, ओडेसाच्या उत्तरेचा युक्रेन. त्यानंतर कुठे दक्षिण पोलंड, चेकिया, जर्मनी, बेल्जियम असा निवांत मुलूख लागतो आणि मग लंडन.

विमानांचे मार्ग आखणाऱ्या माणसाला ही यादी वाचून दाखवली तर तो कपाळाला हात लावेल. गेल्या काही वर्षांत आभाळाला जिथं जिथं कुलूप लागलं, त्यातली बरीचशी ठिकाणं या एका दोऱ्यावर ओवलेली आहेत. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. रशियानं ब्रिटिश आणि युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्यांनी रशियाला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना मज्जाव केला, आठवड्याभरात भारतानं पाकिस्तानी विमानांना, आणि मग दोन्हीकडून महिन्यामागून महिना मुदतवाढी सुरू झाल्या. त्याच वर्षी १३ जूनला इस्राएलनं इराणवर हल्ला केला आणि इराणनं आकाश मिटलं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान सुमारे तीन तास उडून पुन्हा मुंबईतच उतरलं. त्यातल्या प्रवाशांनी त्या दिवशी मुंबई ते मुंबई अंतर कापलं, तेही पूर्ण भाड्यात.

माझी धाकटी बहीण लंडनजवळ हॅरोला राहते, म्हणून मला या गोष्टींत रस. पण हे सगळं प्रथम कळलं तेव्हा मला लंडन आठवलंच नाही, आठवलं माझं आजोळ. कोरेगावच्या पुढे मामांचा मळा आहे. मळ्यात जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून होती. आजोबांच्या आधीपासून बैलगाडी तिथूनच जायची. एका उन्हाळ्यात शेजाऱ्यानं बाभळीच्या काट्या टाकून वाट अडवली. कारण वाटेशी संबंधित नव्हतंच. कुठल्याशा लग्नातला मानपान होता, त्याला विहिरीच्या पाळीची जुनी फोडणी होती. मामा ओढ्याच्या कडेनं वळसा घालून जाऊ लागले. सातबाऱ्यावर काही बदललं नाही, गट नंबर तोच, मळा होता तिथंच. फक्त मामींची न्याहारी अर्धा तास उशिरा पोचायची आणि कालवण गार झालेलं असायचं.

त्या भांडणाला निदान दाद मागायला जागा होती. मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा आजही चालू आहे. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा करतो, काट्या काढायला लावतो. आभाळात मामलेदार नाही. तिथला सातबारा म्हणजे ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत झालेला करार, आणि त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या जमिनीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकट्याची सत्ता. जायला द्यायचं की नाही हा मालकाचा प्रश्न. दिलं तर तो टोल घेतो, नाही दिलं तर आपण वळसा घालायचा.

मला गंमत वाटते ती या बंदीच्या बारीक नक्षीची. पाकिस्तानची मनाई भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे, भारतातून सुटणाऱ्या सगळ्या विमानांना नाही. म्हणजे एकाच रात्री, एकाच धावपट्टीवरून लंडनसाठी दोन विमानं उडाली तर ब्रिटिश कंपनीच्या विमानाला सिंधवरून जाता येतं. शेपटीवर भारतीय नाव असलेल्याला नाही. शहरं तीच, हवा तीच, रात्र तीच, आणि अंतरं दोन. दिल्लीकरांना याचा फटका आपल्यापेक्षा जास्त. त्यांना पश्चिमेकडे निघताच पाकिस्तान लागतो. आपल्याला निदान अरबी समुद्र आहे. मुंबईला समुद्राचे उपकार बरेच, त्यात हा एक.

भारतानंही हे केलेलं आहे, आणि फार परिणामकारक रीतीनं. जानेवारी १९७१ च्या अखेरीस ‘गंगा’ नावाचं विमान पळवून लाहोरला नेलं गेलं आणि तिथं जाळलं गेलं. त्यानंतर भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते, मध्ये भारत. कराचीहून ढाक्याला जाणारी विमानं थेट खाली श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली आणि एकाच देशातल्या दोन शहरांमधलं अंतर जवळजवळ दुप्पट झालं. त्या वर्षअखेर तो देश एक राहिला नाही. त्याची कारणं वेगळी आणि फार मोठी होती, पण त्या दुप्पट अंतराचा त्यात काहीच वाटा नव्हता असं मला म्हणवत नाही.

पाण्यावरूनही परवानगीशिवाय कोण कुठे पोचलं? १९१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले. कोलंबोपर्यंत गेले आणि तिथं त्यांचे पासपोर्ट रद्द झाले. त्याच वर्षी काही महिन्यांनी चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी जायला मात्र मुभा मिळाली. समुद्र तोच आणि माणूसही तोच होता.

सुवेझचा कालवा १८६९ मध्ये उघडला तेव्हापासून मुंबई–लंडन प्रवास दोन-तीन आठवड्यांत बसू लागला होता. आधीचा, आफ्रिकेला वळसा घालून जाणारा, महिने खाणारा मार्ग मागे पडला. पण विमानानं हे अंतर कसं तोडलं, किंवा खरं तर कसं तुकड्यातुकड्यांनी शिवलं, ती हकिगत जास्त रंगतदार आहे.

३० मार्च १९२९ ला इंपीरियल एअरवेजनं लंडन ते कराची सेवा सुरू केली. लंडनजवळच्या क्रॉयडनहून विमानानं बाझेल. तिथून आगगाडीनं जिनोआ. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून अलेक्झांड्रिया, पुन्हा आगगाडीनं कैरो, आणि मग तीन इंजिनांच्या विमानातून बगदाद, बसरा, इराणचा किनारा असं करत कराची. सात दिवस. रात्री विमानं उडत नसत. प्रवासी वाटेत उतरून जेवत, झोपत आणि सकाळी पुढे निघत. हे ऐकलं की आजच्या आपल्या दहा तासांच्या कुरकुरीची लाज वाटावी. पण वाटत नाही, कारण त्यांना पाय पसरायला मिळत होते.

या मार्गातला इराणचा किनारा म्हणजे मामांचा बांधच. इराणनं परवानगी द्यायलाच आधी खळखळ केली होती, आणि दिली ती मुदतीची. मुदत संपली आणि १९३२ च्या ऑक्टोबरात सगळा मार्ग आखाताच्या पलीकडच्या, अरबी काठावर न्यावा लागला. तिथं शारजा नावाच्या लहानशा गावाबाहेर धावपट्टी आखली गेली, आणि प्रवाशांना रात्र काढायला किल्ल्यासारखं विश्रांतिगृह उभं राहिलं. आज आखातातल्या विमानतळांवर आपण मध्यरात्री पेंगत बसतो, तिथल्या या उद्योगाचा एक पाया असा शेजाऱ्यानं वाट अडवल्यामुळे घातला गेला.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या चिमुकल्या पुस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले. पिशव्यांत लंडनहून इंपीरियलनं आणलेली पत्रं होती. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. ते भरून टाटा जुहूच्या मैदानावर उतरले, आणि मुंबई लंडनला आकाशातून जोडली गेली. मधली गाठ कराचीत. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राच्या भरवशावरची जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, मग सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाखालच्या माळावर हलवत. पुणेकर या नात्यानं मला हे फार आवडतं. लंडनचं पत्र चार महिने पुण्याला आधी पोचत होतं आणि मुंबईला नंतर, असा याचा अर्थ मी लावते. मुंबईकरांनी हरकत घ्यावी.

१९३२ हे सालच विलक्षण दिसतं. त्याच वर्षी न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं. बहीण तिथल्या गणपतीला जाते आणि मोदकांच्या उकडीवर टीका करून येते, म्हणजे मंडळ चांगलं चाललं आहे.

मग ८ जून १९४८. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं देखणं यंत्र. सात दिवसांचं अंतर आता साधारण एका दिवसावर आलं. पण त्या विमानांची झेप अपुरी होती, थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि एक थांबा जिनिव्हा असल्यानं वाट आल्प्सच्या कुशीतून जाई. गोलावरचा आपला दोरा मों ब्लांच्या आसपासही फिरकत नाही. इंधनाच्या गरजेनं वाट तिकडे वाकली होती. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच ‘मलबार प्रिन्सेस’ मों ब्लांवर आदळलं. आतले सगळे, ४८ जण, गेले. प्रवाशांत बहुतेक खलाशी होते, पलीकडे जाऊन बोटीवर चढणारे. जे अंतर त्यांच्या बापजाद्यांनी बोटीवर कोळसा ओढत पार केलं, तिथं ते बोटीवर कामाला चढण्यासाठी विमानानं निघाले होते.

पुढे २४ जानेवारी १९६६ ला त्याच पर्वतावर, शिखराजवळ, ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आदळलं. मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा करत ते लंडनकडे चाललं होतं. ११७ माणसं गेली, त्यांत होमी भाभा. वैमानिकाला वाटलं की आपण शिखर ओलांडून पुढे आलो. एक दिशादर्शक यंत्र बंद होतं आणि जमिनीवरून आलेली सूचना नीट समजली नाही. काही किलोमीटरांचा फरक. सात हजारांत काही किलोमीटर.

त्या विमानातलं सामान हिमनदीत गाडलं गेलं. हिमनदी वाहते, पण तिच्या गतीनं. उंचावर गिळलेलं ती दशकांनी खाली आणून ठेवते. २०१२ मध्ये बोसाँ हिमनदीतून भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी वर आली, परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याची. २०२० च्या उन्हाळ्यात तिथून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं निघाली, नॅशनल हेराल्ड, इकॉनॉमिक टाइम्स. वाळवल्यावर वाचता येतील अशी. मथळ्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही ताजी बातमी. संध्याकाळपर्यंत लंडनमध्ये कोणीतरी चहाबरोबर ती चाळली असती. मी या पेपरांचे फोटो बराच वेळ बघत बसले होते. वर्तमानपत्राला तारखेशिवाय काय किंमत असते, आणि इथं तर तारखेमुळेच ती आलेली.

वेळेचं एक गूढ राहिलंच. एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ आली. ती साधारण ज्या वेगानं उडायची त्याच वेगानं आजची विमानंही उडतात, तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास. थांबे गेले, जेवणाचा दर्जा गेला, वेग तसाच. म्हणून ७,२०० ला ९०० नं भागून आठ तास काढणाऱ्या माणसानं वेळापत्रक बघावं: जाताना साडेनऊ-दहा, येताना नऊच्या आतबाहेर. जाता-येतानाचा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जबर लोंढा वाहतो, हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. जपानच्या वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि जगाला कळावं म्हणून निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. अर्थातच जगातल्या कोणी ते वाचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात भेलकांडली तेव्हा सगळ्यांना तो समजला.

उरलेला वेळ वळशाचा, धावपट्टीवरच्या रांगेचा, आणि हीथ्रोवर उतरण्याआधी हवेत घिरट्या घालण्याचा. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक छापतात, म्हणून वैमानिक अधूनमधून आपण लवकर पोचल्याचं अभिमानानं सांगू शकतो.

आमच्या घरात या विषयातला अधिकार आईचा आहे. बहिणीचं विमान सुटलं की ती मोबाईलवर तो नकाशा उघडते, ज्यावर पिवळं विमान मुंगीच्या पावलांनी सरकतं. किलोमीटर तिला नकोत. “कुठवर आली?” याचं उत्तर तिला गावाच्या नावात लागतं. पूर्वी रात्री ती म्हणायची, “कराची गेलं ग,” जणू दौंड गेलं. आता विमान समुद्रावरून, ओमानच्या अंगानं जातं आणि बराच वेळ खाली नुसतं निळं असतं. नाव घ्यायला काही नाही म्हणून ती अस्वस्थ होते. एकदा मी तिला सांगितलं की २०१४ मध्ये युक्रेनवर जे मलेशियन विमान पाडलं ते ३३,००० फुटांवर होतं आणि त्या भागात ३२,००० च्या वर उडायला रीतसर परवानगी होती. हे सांगायला नको होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. “म्हणजे परवानगी असून?” एवढंच म्हणाली, आणि नकाशाकडे वळली.

घड्याळाचा हिशेब मात्र तिला पक्का येतो. थंडीत लंडन साडेपाच तास मागे, तेव्हा काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की तिकडची वेळ दिसते. इथले सहा तिकडचे साडेबारा. उन्हाळ्यात ते एक तास पुढे सरकतात आणि ही युक्ती बिघडते, त्याबद्दल तिची इंग्रजांवर कायमची तक्रार आहे.

परवा बहिणीचा फोन आला. दिवाळीला यायचंय, दोन तिकिटं समोर आहेत. एक परदेशी कंपनीचं, जवळच्या वाटेनं येऊ शकणारं, मुंबईत रात्री अकराला उतरणारं. दुसरं भारतीय कंपनीचं, वळशाचं, अर्धा-पाऊण तास जास्त, पण पहाटे पोचणारं, वर काही पाउंडांनी महाग. मी तिला दोरा, वारा, मनाई, सगळं सविस्तर समजावून सांगितलं आणि जवळच्या वाटेचं तिकीट सुचवलं. आईनं फोन हातातून घेतला. “पहाटेचं घे,” म्हणाली. “रात्री बोरघाटात कंटेनर अडकलेले असतात. अकराला उतरलीस तर घरी उजाडेल, आणि पहाटे उतरलीस तर नाश्त्याला येशील.”

बहिणीनं पहाटेचं काढलं.